प्रीअँपचा बोर्ड आखताना आधी ग्राउंड

प्रीअँपचा, म्हणजे मुख्य अँप्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा, सर्किट डायग्राम तू नीट काढला आहेस, एनई५५३२ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी) निवडलास तेही उत्तम. पण बोर्ड आखताना सगळे पार्ट सुबक रांगेत मांडायच्या मोहात पडू नकोस. आधी ग्राउंड, म्हणजे सगळ्या सर्किटची शून्य व्होल्टची सामाईक जोडणी, कुठून कुठे जाणार ते ठरव.

कागदावर ग्राउंडची सगळी चिन्हं एकच असतात, तांब्यावर तसं नसतं. प्रत्येक ट्रॅकला थोडा रोध असतोच. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचा झटका जातो. तो प्रवाह इनपुटच्या ग्राउंडमधून वाहिला की स्पीकरमधून गुरगुर येणारच. माझ्या पहिल्या बोर्डात हेच झालं होतं आणि मी महिनाभर आयसी बदलत बसलो होतो! म्हणून ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि ते कपॅसिटर वेगळ्या बोर्डावर ठेव. त्यांचं आपसातलं ग्राउंड तिथेच जोड आणि मग एकाच तारेने प्रीअँपकडे आण.

दोन बाजूंचा बोर्ड परवडत असेल तर खालची बाजू अखंड ग्राउंडला दे. आयसीच्या ४ आणि ८ नंबरच्या (सप्लायच्या) पायांना अगदी खेटून १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर हवेत. फीडबॅकचे, म्हणजे आउटपुटचा काही भाग परत इनपुटला देणारे, रेझिस्टर २ आणि ६ नंबरच्या पायांजवळ, ट्रॅक आखूड. आउटपुटला १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाक, नाहीतर लांब केबल जोडल्यावर आयसी ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करू लागतो.

बोर्ड करायला टाकण्याआधी लेआउटची खऱ्या मापाची प्रिंट काढ आणि पार्ट त्यावर ठेवून बघ. व्हॉल्यूमच्या पॉटचे (फिरवायच्या रेझिस्टरचे) पाय तर नक्कीच.