मामांचा कोरा रकाना

"मॅडम, कंपनीत नवं एचआर आलंय. आता वर्षं मोजत नाहीत, स्किल मोजतात म्हणे. मग आमच्या वीस वर्षांचं काय?"

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. त्यासाठी एका माणसाची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणते.

मामा घनसावंगीकडचे, वय ४६. बजाजनगरात दोन खोल्या, गावी चार एकर कापूस. दुचाकीचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत पॉवर प्रेसवर १९ वर्षं सेटर, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, डाय, मशीनमध्ये बसवणारे. त्यांना बायकोनं आणलं होतं. रात्रीची झोप उडालेली, डबा तसाच घरी परत. पण वहिनींना घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "यांनी पोरांना शिकवायचं सोडलंय. घरी येऊन सांगतात, आज मी कुणाला काही सांगितलं नाही. हा माणूस असा नव्हता हो."

झालं होतं ते असं. शॉपच्या दारात एक फळा लागला होता, स्किल मॅट्रिक्सचा. डावीकडे माणसांची नावं, वरच्या ओळीत कामं, प्रत्येक चौकटीत एक गोल आणि गोलाचे चार भाग. एक भाग रंगवला म्हणजे माणूस शिकतोय, दोन म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवलं तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, पूर्ण गोल म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. डाय सेटिंगमध्ये मामांचे तीन भाग रंगवलेले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराचेही तीन.

"माझ्या हातचं लेकरू ते. त्याचं अन् माझं सारखंच! मग कामून जावं मी कामावर?"

पहिल्या भेटीत मी सल्ला दिलाच नाही. डाय कशी बसवता ते सांगा, एवढंच विचारलं. मामा खुर्चीत पुढं सरकले. पत्रा कापणाऱ्या पंचाची धार गेली की पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत कंगोरा वाढतो, तो डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतो, असं म्हणत त्यांनी अंगठ्याचं नख माझ्या टेबलाच्या कडेवरून फिरवून दाखवलं. प्रेसचा आवाज जड झाला की ते दुसऱ्या मशीनवरूनही ओळखतात. मग शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढली, तेलाच्या बोटांनी काळी पडलेली. प्रत्येक डायचा नंबर, शट हाइट म्हणजे मिटलेल्या डायची उंची, किती हजार स्ट्रोकनंतर ती ग्राइंडिंगला पाठवली. सगळं मराठीत, बारीक अक्षरात. ६२ डायांची नोंद.

मागच्या पानावर १४ नावं होती, प्रत्येकापुढं तारीख. हे काय, म्हटलं. "ज्या दिवशी पोरगं पहिल्यांदा एकट्यानं डाय बसवतं ना, त्या दिवशी मी चहा पाजतो त्याला. म्हणून लिहिलंय."

गोलाचा चौथा भाग त्यांच्या खिशातच होता.

मग तो फळ्यावर का नव्हता? दुसऱ्या भेटीत उलगडलं. फळा लागायच्या आधी कंपनीनं सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतला होता, इंग्रजीत. त्यात एक रकाना होता, तुमची वर्षभरातली ठळक कामगिरी लिहा. मामांनी तो कोरा सोडला. मुलानं इंग्रजीतून लिहून द्यायची तयारी दाखवली होती, तरीही. "आपल्या तोंडानं आपलं कसं सांगावं, मॅडम? चार लोकांनी सांगावं ते."

हे वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलंय. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला स्वतःचं सांगणं म्हणजे मिरवणं वाटतं. हा संस्कार मला मोलाचा वाटतो आणि तो सोडा असं मी कुणाला सांगत नाही. पण फॉर्म वाचणाऱ्याला कोऱ्या रकान्यात विनय दिसत नाही, तिथं त्याला काहीच दिसत नाही. म्हणून मी मामांना म्हटलं, स्तुती लिहू नका, हिशोब लिहा. ६२ डायांच्या नोंदी आहेत, हा हिशोब. १४ पोरं एकट्यानं डाय बसवायला लागली, हाही हिशोबच. गावी कापसाचं वजन सांगताना आपण लाजतो का?

त्यांच्या मनात दुसरीही एक भीती होती, मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमधून आलेली. नव्या कायद्यानं जुनी माणसं आधी काढणार, अशी. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, हे खरं. पण त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार कपातीचा नियम उलटा आहे. त्या प्रकारच्या कामात सर्वांत शेवटी लागलेला माणूस साधारणपणे आधी कमी करायचा, आणि तसं केलं नाही तर मालकानं कारण नोंदवायचं. जुन्या १९४७ च्या कायद्यातही हेच होतं. शिवाय कपात झालेल्या कामगाराला नुकसानभरपाईखेरीज शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत खात्यावर मिळायची तरतूद आली आहे. हे ऐकून मामांची नोकरी पक्की झाली असं नव्हे. पण अफवेला घाबरणं थांबलं.

त्यांच्या संमतीनं मी कंपनीच्या एचआर मॅडमना भेटले. परभणीची, तिशीच्या आतली मुलगी. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे गिऱ्हाईक कंपन्या आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र मागतात, आणि कोणाला कोणतं काम येतं याची नोंद त्यात दाखवावी लागते. ऑडिटला तीन आठवडे उरले होते, तिनं फॉर्म वाचून गोल रंगवले. मी स्पष्ट सांगितलं, फळा चांगला आहे, भरला चुकीच्या जागी बसून. तो प्रेसशेजारी उभं राहून भरायचा असतो, सुपरवायझरला आणि त्या माणसाला बरोबर घेऊन, त्यांच्या भाषेत. हल्ली सगळीकडे हुद्द्यापेक्षा कौशल्य बघा म्हणतात, आणि आयटीआयचा कागद नसलेल्या आमच्या माणसांसाठी ते भल्याचंच आहे. पण हातातलं कौशल्य बघायला कुणीतरी जवळ तर जायला हवं!

तिनं डायरीची पानं एकेक करून बघितली. मग म्हणाली, "मॅडम, हे माझ्याकडे कुणी आणलंच नाही. पण टच स्क्रीनच्या नव्या प्रेसच्या रकान्यात मामांचा एकच भाग आहे, तो मात्र बरोबर आहे."

मामांना विचारलं. बराच वेळ खाली बघत राहिले. दोन वर्षांपासून ते त्या प्रेसकडे जातच नव्हते. त्याच पोराला पुढं करायचे, पडद्यावरचं इंग्रजी अडतं हे कळू नये म्हणून. झोप खरी उडवली होती ती इथं. यातून फॉर्म सोडवणार नव्हता, कायदाही नाही. शिकायलाच हवं होतं. शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास तेच पोरगं मामांना पडदा दाखवू लागलं. मामांनी डायरीत नवं पान उघडलं आणि प्रत्येक बटणाचं चित्र काढून शेजारी मराठीत अर्थ लिहिला. एचआर मॅडमनं ते पान मोठं छापून प्रेसला लावलंय.

डाय सेटिंगचा गोल आता पूर्ण आहे, नव्या प्रेसचा अर्धा. डबा रिकामा परत येतो, हे वहिनींनी फोनवर सांगितलं.

यंदाचा फॉर्म मराठीत आला. मामा तो घेऊन माझ्याकडे आले होते. कामगिरीच्या रकान्यात तीन ओळी लिहिलेल्या. चौथ्या ओळीपाशी अडले होते. "मॅडम, दिवाळीच्या आधी माझ्या हातून एक डाय फुटली. तीबी लिहू का?"

लिहा म्हटलं, आणि त्यानंतर काय बदललं तेही लिहा.

त्यांनी तिथंच, माझ्या टेबलावर लिहिलं. 'एक डाय माझ्या चुकीनं फुटली. आता बसवण्याआधी शट हाइट दोनदा मोजतो आणि पोरांनाही दोनदा मोजायला लावतो.'