राष्ट्राध्यक्ष पाठ करून घेऊ नका

प्रश्न: मी वडोदऱ्यात सहावीला शिकवते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर प्रोजेक्ट घ्यायचाय, पण मुलं नावं पाठ करतात आन चार दिवसांत विसरतात. काय करू?

उत्तर: ताई, यादी बाजूला ठेवा आणि सरळ वर्गात इलेक्शन घ्या. नऊ-नऊ मुलांची तीन राज्यं करा, उमेदवार दोन, चिठ्ठ्या टाकून मतदान, आणि नियम असा की राज्यात ज्याला जास्त मतं त्याला ते अख्खं राज्य, तिकडे बहुतेक राज्यांत असंच चालतं. समजा दोन राज्यांत ५-४ नी एक जिंकला, तिसऱ्यात नऊच्या नऊ मतं दुसऱ्याला, तर एकूण १७ मतं मिळवणारा हरला आणि १० वाला जिंकला! मुलं भांडायला लागतील, भांडू द्या, मग सांगा की २००० आणि २०१६ मध्ये तिथे खरंच असं झालंय. तिकडे प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक ‘इलेक्टोरल’ मतं असतात, अशा एकूण ५३८ मतांपैकी जिंकायला २७० लागतात.

मग वॉशिंग्टन, लिंकन अशी मोजकीच माणसं घ्या. आणि वडोदऱ्यात आहात तर सयाजीराव महाराजांना विसरू नका हं, त्यांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले, त्याच वर्षी वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले होते, मला तर वाटतं सुरुवातच इथून करावी कारण आपल्या मुलांना हा धागा लगेच पकडता येतो. बाबासाहेबांनी तिथून घरी काय लिहिलं असतं असं कल्पनेनं पत्र लिहायला द्या. मार्क मात्र नका देऊ त्याला.