पोर्ट अँटोनियो (जमैका) : एक दिवस पुरणार नाही, तीन रात्री काढा

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं : डिसेंबरअखेर टोरांटोहून आठवडाभर जमैका, बरोबर शाकाहारी आई, मुक्काम ओचो रिओसच्या रिसॉर्टमध्ये. त्यातला एक दिवस गाडी ठरवून पोर्ट अँटोनियो पाहून यावं का? मी किंग्स्टनला नोकरीला होते तेव्हा सुट्टी जोडून आली की याच गावाचा रस्ता धरायचे, म्हणून सविस्तर लिहिते.

एका दिवसासाठी जाऊ नका. ओचो रिओसहून जाण्यायेण्यातच चार-पाच तास जातात. उरलेल्या वेळात ड्रायव्हर तुम्हाला ब्लू लगूनच्या काठावर उभं करतो, बोस्टन बे या जवळच्या किनाऱ्यावर जेवू घालतो आणि अंधार पडायच्या आत परत आणून सोडतो. गाव दिसतच नाही. जमलं तर रिसॉर्टच्या बुकिंगमधून तीन रात्री कमी करा आणि पोर्ट अँटोनियोत राहा. राहायचं तेही गावातच, टिचफील्डवर किंवा बंदराच्या वरच्या चढावर. बाहेरच्या बाजूचे व्हिला सुंदर आहेत, पण तिथून प्रत्येक गोष्टीसाठी टॅक्सी बोलवावी लागते आणि आईंना एकटीनं चार पावलं बाहेर पडता येत नाही.

टिचफील्ड म्हणजे समुद्रात घुसलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा. त्याच्या एका अंगाला पूर्वेचं बंदर, दुसऱ्या अंगाला पश्चिमेचं, आणि पश्चिमेच्या तोंडाशी नेव्ही आयलंड हे झाडीनं भरलेलं बेट. टोकाला इंग्रजांचा फोर्ट जॉर्ज होता. त्याच्या भिंती आणि तोफा आज टिचफील्ड हायस्कूलच्या आवारात आहेत. शाळा १७८६ सालची. सकाळी साडेसात-आठला त्या रस्त्यानं चाला (तुम्ही जाल तेव्हा नाताळची सुट्टी असेल, मुलं दिसणार नाहीत, पण रस्ता तोच). दोन्ही बाजूंना लाकडी नक्षीची जुनी घरं आहेत, काही डागडुजी केलेली, काही गंजक्या पत्र्यांखाली वाकलेली.

ही घरं केळ्यांच्या पैशांतून उभी राहिली, आणि हे ठाऊक असलं की गाव कळायला लागतं. लोरेन्झो डाउ बेकर नावाचा केप कॉडकडचा एक जहाजकप्तान. १८७० साली त्यानं जमैकातून केळ्यांचे घड शिडाच्या जहाजात टाकून अमेरिकेला नेले आणि सडायच्या आत चांगल्या भावानं विकले. पुढे त्यानं पोर्ट अँटोनियोतच तळ ठोकला. १८८५ मध्ये बोस्टन फ्रूट कंपनी निघाली, आणि १८९९ मध्ये तिच्यासह इतर धंदे एकत्र येऊन युनायटेड फ्रूट कंपनी झाली. मध्य अमेरिकेतल्या देशांच्या राजकारणात पुढे जिचं इतकं वजन होतं तीच ही. १८९६ मध्ये गावात आगगाडी आली. केळी न्यायला येणाऱ्या बोटींतून अमेरिकन पाहुणे थंडी टाळायला येऊ लागले, त्यांच्यासाठी बेकरनं टिचफील्डवर मोठं हॉटेल बांधलं. जमैकाच्या पर्यटनाची सुरुवात याच गावात झाली, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात.

मात्र त्या बोटी भरल्या कोणी? बायका-पुरुष रात्रभर डोक्यावर घड वाहत, दर घडामागे मोजणारा टिकली देई, आणि पहाटे त्या टिकल्यांवर मजुरी मिळे. त्या हॉटेलच्या व्हरांड्याची छायाचित्रं सगळीकडे दिसतात, या माणसांची फार कमी. मग पनामा रोगानं ग्रो मिशेल ही केळ्याची जातच झोपवली, वादळांनी उरलेले मळे पाडले. बेटाची केळ्यांची मोठी निर्यात २००८ मध्ये थांबली. पर्यटन पश्चिमेकडे गेलं. पैसा निघून गेल्यामुळे इथे उंच हॉटेलं आली नाहीत, आणि गाव माणसांच्या मापाचं राहिलं. म्हणून मला ते आवडतं, पण तिथल्या तरुणांना काम मिळत नाही याचंही कारण तेच आहे, हे विसरता येत नाही.

गाव पायी दोन-तीन तासांत होतं. लाल विटांचं क्राइस्ट चर्च बघा. आतला पितळी गरुडाचा पाठ-मेज बोस्टन फ्रूट कंपनीनं दिलेला आहे. मग मसग्रेव्ह मार्केट. शुक्रवार-शनिवारी जा, डोंगरातले शेतकरी तेव्हा उतरतात. पूर्वेला चालत गेलात तर फॉलीचे अवशेष लागतात. अल्फ्रेड मिचेल नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं १९०५ च्या सुमारास बांधलेला खांबांचा महाल, आज छप्पर नाही. काँक्रीटमध्ये समुद्राचं पाणी घातलं म्हणून सळ्या गंजून तो कोसळला असं लोक सांगतात. पलीकडे १८८८ चा दीपस्तंभ आहे. संध्याकाळी उशिरा तिकडे एकटे जाऊ नका, तो भाग निर्मनुष्य असतो. मरीनाला एरल फ्लिन या हॉलिवूडच्या नटाचं नाव आहे. १९४६ मध्ये तो आपल्या यॉटमधून इथे आला आणि इथलाच झाला. ज्यांना त्याचे सिनेमे आठवतात त्यांनी आणखी खोलात जावं, मी इथेच सोडते.

आता आईंच्या जेवणाचं. काळजी करू नका, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. जमैकात कॅलालू म्हणतात ती भाजी आपल्या माठाच्याच कुळातली, चव अगदी घरची. पण तीत खारवलेला मासा टाकायची पद्धत आहे. ॲकी हे राष्ट्रीय पक्वान्नातलं फळही सहसा त्याच माशाबरोबर शिजतं. (कच्चं ॲकी विषारी असतं, फळ झाडावर आपोआप उकललं की मगच काढतात. हॉटेलात निर्धास्त खा, बाजारातून आणून स्वतः शिजवू नका.) 'राइस अँड पीज' नारळाच्या दुधात शिजवलेला भात. एरवी त्यात राजमा असतो, पण नाताळच्या सुमाराला ओले गंगो पीज येतात, म्हणजे आपली तूर. तुम्ही नेमके त्या दिवसांत जाताय. त्याच दिवसांत सॉरेल मिळतं, लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं सरबत. मोठ्यांसाठीच्या सरबतात रम असते, आईंचं वेगळं मागा.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे 'आयटल' जेवण विचारायचं. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं हे अन्न. मांस नाही, बहुतेक ठिकाणी मीठही नाही किंवा अगदी कमी. भोपळा, कडधान्य, कंदमुळं आणि नारळाच्या दुधाचा रस्सा. मिठाची पुडी जवळ ठेवा. भाजलेला ब्रेडफ्रूट, म्हणजे कोकणातला नीरफणस, रस्त्याकडेला निखाऱ्यावर मिळतो. तो १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायनं ताहितीहून जमैकात आणला, गुलामांना स्वस्तात पोसायला. आंब्याचा मोसम तुम्हाला मिळणार नाही, त्यासाठी मे ते जुलै. कधी त्या दिवसांत गेलात तर 'बॉम्बे' नावाचा आंबा मागा. मधोमध गोल चिरून दोन्ही अर्धे उलट दिशांना पिरगळले की बाठ अलगद सुटते.

करीचा वास ओळखीचा येईल, कारण १० मे १८४५ ला 'ब्लंडेल' जहाजातून पहिले भारतीय करारबद्ध मजूर ओल्ड हार्बर बेला उतरले. पुढच्या सत्तर वर्षांत छत्तीस हजारांवर माणसं आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, आणि साखरेच्या व केळ्यांच्या मळ्यांवर राबली. बकऱ्याची करी आज कुठल्याही जमैकन लग्नात असते. आई साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असतील तर एखादी बाई थांबून 'माझी आजी भारतीय होती' असं सांगेल. वेळ काढून ऐका. त्यांच्या घरी भाषा उरलेली नाही, नावं थोडी उरली आहेत, आणि ते सांगताना त्यांना फार बरं वाटतं.

समुद्रकिनाऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे : विनिफ्रेड बीचला जा. फ्रेंचमन्स कोव्ह देखणा आहे, गार नदी थेट समुद्रात उतरते, पण तिकीट आहे. ब्लू लगून सुमारे साठ मीटर खोल, तळातून गोड्या पाण्याचे झरे, त्यामुळे वर गार आणि खाली उबदार पाणी लागतं. बोटवाल्याशी भाव आधी ठरवा. विनिफ्रेड मात्र गावकऱ्यांचा आहे. कोकणात आपण वाळूवर उतरताना कोणाला विचारत नाही. जमैकात १९५६ च्या किनारा कायद्यानं लोकांना समुद्रात उतरायचा सरसकट हक्क दिलेला नाही, आणि एकेक किनारा हॉटेलांच्या कुंपणाआड गेला. विनिफ्रेडवरही विकासाचा घाट होता. फेअरी हिलचे रहिवासी कोर्टात गेले, आणि २०१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. प्रवेश मोफत आहे, सफाईसाठी देणगी मागतात. ती हात आखडता न घेता द्या, आणि तिथल्याच टपरीवर जेवा. रस्ता शेवटी फार खडबडीत आहे, छोटी गाडी वर ठेवून चालत उतरा. आईंच्या गुडघ्यांना झेपेल का ते आधी पाहा.

लाँग बीचवर, म्हणजे तिथे ज्याला लाँग बे म्हणतात, पोहू नका. दिसायला भुरळ घालतो, पण ओढ जबरदस्त आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून थंड वारे आले की एरवी शांत असलेले किनारेही खवळतात. त्या दिवशी स्थानिक माणसं पाण्यात नसतील तर तुम्हीही जाऊ नका.

बोस्टन बे जर्कचं माहेर. पिमेंटोच्या (ऑलस्पाइसच्या) लाकडाच्या धुरावर, स्कॉच बॉनेट मिरची आणि थाइम चोळलेलं डुक्कर किंवा कोंबडी. ही रीत गुलामीतून पळून डोंगरात लपून राहिलेल्या मरून लोकांकडून आली. मिरचीला हलकी समजू नका. आईंसाठी तिथे भाजलेला ब्रेडफ्रूट आणि 'फेस्टिव्हल' नावाचे मक्याचे गोडसर तळलेले लांबट गोळे मिळतात.

रिओ ग्रांदेवरची बांबूच्या तराफ्याची सफर नक्की करा. हे तराफे मुळात मळ्यांतली केळी खाली आणायला होते, फ्लिननं त्यावर हौसेनं माणसं बसवायला सुरुवात केली. बेरीडेलला बसायचं, सेंट मार्गरेट्स बेला उतरायचं, अडीच-तीन तास. एका तराफ्यावर दोघंच बसतात, तिघं असाल तर दोन तराफे. तराफेवाल्याला कॅप्टन म्हणतात, तो उभा राहून काठीनं चालवतो. तुमची गाडी खालच्या टोकाला आणून ठेवणारे ड्रायव्हर मिळतात. हॉटेलकडून परवानाधारक कॅप्टन ठरवा, वाटेत गाडी अडवून गळ्यात पडणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. मधे काठावर चुलीवर शिजवलेलं जेवण मिळतं, आदल्या दिवशी सांगितलं तर शाकाहारी करतात. आदल्या रात्री डोंगरात मोठा पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला, पाणी लाल आणि वेगवान होतं.

वेळ उरला तर त्याच खोऱ्यात वर मूर टाउन आहे, विंडवर्ड मरूनांचं गाव. पळून गेलेल्या गुलामांनी इथून इंग्रजांशी वर्षानुवर्षं लढून १७३९ मध्ये त्यांना तह करायला लावलं. त्यांची नायिका नॅनी जमैकाच्या पाचशेच्या नोटेवर आहे, तिची समाधी इथेच. या गावाचा वारसा युनेस्कोच्या यादीत आहे. ओळखीचा गाइड घेऊन जा, आधी निरोप पाठवा, आणि न विचारता छायाचित्रं काढू नका.

हवामानाची तयारी ठेवा. ब्लू माउंटनवर ईशान्येचे वारे आदळतात म्हणून पोर्टलंड (पोर्ट अँटोनियोचा जिल्हा) हा जमैकाचा सर्वांत ओला भाग, आणि डिसेंबरातही पाऊस असतो. तारखा हलवता येत असतील तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. टोरांटोहून विमान किंग्स्टनचं घ्या, मोंटेगो बेचं नको. भारतीय पासपोर्ट असेल आणि विमान अमेरिकेत बदलत असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून थेट विमानच बघा. जमैकाच्या प्रवेशाचे ताजे नियम त्यांच्या ओटावातल्या उच्चायुक्तालयाकडून तपासा.

किंग्स्टनहून जाताना जंक्शनचा घाट घ्या, वाटेत कॅसलटनची १८६२ ची वनस्पतीबाग आहे. येताना किनाऱ्यानं मोरांट बेवरून या, १८६५ मध्ये पॉल बोगलनं जिथे उठाव केला ते गाव. पावसात घाटात दरडी येतात, त्यामुळे रात्री गाडी चालवू नका. गाडी डाव्या बाजूनंच चालते, तेवढं सोपं. गावातल्या गावात लाल नंबरप्लेटची रूट टॅक्सी स्वस्त पडते, पण त्यात मागे चौघं बसतात. आईंबरोबर असताना पूर्ण टॅक्सीचे पैसे ठरवून घ्या.

सुरक्षेचं म्हणाल तर पोर्टलंड देशातल्या शांत भागांत मोडतं. रात्री रिकाम्या गल्ल्या टाळा, पैसे दिवसा बँकेच्या आतल्या मशीनमधून काढा. दुकानात, टॅक्सीत, कुठेही शिरलात की आधी 'गुड मॉर्निंग', अंधार पडल्यावर भेटताना 'गुड नाइट'. ते न म्हणता थेट भाव विचारला तर लोकांना उद्धट वाटतं. गांजा विचारणारे भेटतील, मानेनं नाही म्हटलं की बहुतेक निघून जातात. २०१५ पासून थोडा जवळ बाळगणं फौजदारी गुन्हा नाही, पण विमानतळावर सापडला तर फार महागात पडेल, तेव्हा कोणाची पिशवी-पाकीट 'तिकडे पोचवा' म्हणून घेऊ नका. आणि २५ डिसेंबरला व रविवारी बरंच बंद असतं, आईंच्या जेवणाचं आदल्या दिवशी गेस्टहाउसवाल्यांशी बोलून ठेवा.