यूट्यूबवर सगळं असताना लोक शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला का जातात?

हेडफोन चांगले आहेत, यूट्यूबवर बड्या बड्यांची गाणी फुकट आहेत, मग डिसेंबरच्या थंडीत पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला, म्हणजे ‘सवाई’ला, जाऊन चार-पाच तास मांडी घालून बसण्यात लोकांना काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय. ‘वातावरण वेगळं असतं’ हे उत्तर खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही.

आधी तानपुरा घ्या. चार तारा: पहिली पंचमाची (प), मधली जोडी षड्जाची (सा), शेवटची खर्जाची (खालच्या सप्तकातला सा). मालकंस रागात पंचम नाही म्हणून पहिली तार मध्यमात (म) लावतात, मारवा रागात बहुतेक वेळा निषादात (नी). घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक तुकडा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की तार बोलायला लागते, तीच जवारी. नीट लागलेल्या खर्जातून न छेडलेला गंधार (ग) ऐकू येतो. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास येतो, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून इतकं खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे ज्या पायावर गाणं उभं आहे तो पायाच घरी गायब असतो.

म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं जुळवाजुळवीत गेली तर चुळबुळ करू नका. मांडवातली थंडी, सभागृहातला एसी, डोक्यावरचे दिवे, सगळ्यांनी तारा आणि चामडं उतरतं-चढतं. तबलजी मध्येच हातोडी काढून गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाभोवतीच्या विणलेल्या कडेवर) ठोकतो तो त्यामुळेच: वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो.

पण खरी मजा समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, आणि ती एकट्याने ऐकताना निम्मीच मिळते. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल 12 मात्रांचा. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, 48 सेकंदांचं. इतक्या वेळात गवई कुठेही भटकून येतो आणि बरोबर पहिल्या मात्रेवर उतरतो. नवख्याला सम कुठे ते कळत नाही, म्हणून त्याला ख्याल (शास्त्रीय मैफलीतला मुख्य गानप्रकार) कंटाळवाणा वाटतो. एक सोपी खूण सांगतो. ठेक्यात, म्हणजे तबल्यावर वाजणाऱ्या तालाच्या ठरलेल्या बोलांत, ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं, तिथे डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा) गप्प. दुसऱ्यानंतर ‘धी ना’, तिथे डग्गा घुमतो. हा घुमार ऐकला की समजा, दोन मात्रा उरल्या. मग मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, येतो, आणि सम पडते तेव्हा आजूबाजूच्या शंभर माना एकदम हलतात. आपलीही हलते. गवयाने अंतर मुद्दाम ताणलं असेल, शेवटच्या क्षणी सावरलं असेल, तर ‘क्या बात है’ आपोआप निघतं. ते त्याला ऐकू जातं, आणि तो तीच जागा जरा वेगळ्या अंगाने पुन्हा घेतो. यूट्यूबवरच्या गवयाला तुमची दाद पोहोचत नाही, तिथे जे ठरायचं ते ठरून गेलेलं असतं.

मैफल पडतेही. सर्वात जास्त वेळा कारण गवई नसतो, ध्वनियंत्रणा असते. आवाज वाजवीपेक्षा मोठा ठेवला की हार्मोनियम तानपुऱ्याला खाऊन टाकते. प्रतिध्वनी वाढवला की तानेतले दाणे एकमेकांत चिकटतात. म्हणून स्पीकरच्या भिंतीपुढे बसू नका. मध्यभागी, आठव्या-दहाव्या रांगेच्या आसपासची जागा धरा. 50-60 माणसांची घरगुती बैठक मिळाली, तीही माइकशिवाय, तर मोठा महोत्सव खुशाल सोडा. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाणाऱ्याने बैठकीलाच जावं. सवाईला भारतीय बैठक, म्हणजे खाली जमिनीवरची जागा, घेतलीत तर जाड चादर आणि पाठीला उशी न्या, आणि आलाप चालू असताना उठून वड्याच्या स्टॉलकडे जाऊ नका.

एक तोटाही सांगायला हवा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, थोड्याच दिवशी बारापर्यंत सूट मिळते. पूर्वी सवाई रात्रभर चालायचं. आता उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला मांडवात ऐकायला मिळत नाहीत. त्यासाठी रेकॉर्डिंगच लावावं लागतं.

आणि गंमत बघा. भीमसेन जोशींनी 1953 साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाची सांगता त्याच सवाई गंधर्वांनी गायलेल्या भैरवी रागाच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करायची प्रथा आहे. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, आणि ती ऐकायला मांडवभर माणसं थांबतात.