एप्रिलमधले थंड पाणी आणि लहान शिडाच्या होडीची निवड

नागपुरात एनसीसीच्या नौदल विभागात असताना आपण अंबाझरी तलावावर एंटरप्राइज ही दोन शिडांची लहान होडी चालवली, आता नोकरीनिमित्त दक्षिण इंग्लंडला जात आहात आणि एप्रिलमध्ये हंगाम सुरू होताच लेझर, मिरर आणि वेफेअरर या लहान शिडाच्या होड्यांपैकी कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे. त्याच किनाऱ्यावर सहा वर्षे होडी चालवून मी नागपूरला परतलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी पाण्याविषयी. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तिकडे ऊन पडून हवा १७-१८ अंशांवर गेली, तरी समुद्र १० अंशांच्या आसपासच असतो, कारण तो फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत थंड होतो आणि पुढे फार सावकाश तापतो. म्हणजे गाठ माठातल्या पाण्याशी नाही, फ्रिजमधल्या बाटलीशी आहे. पहिल्या एप्रिलमध्ये मी ऊन पाहून सुती पँट आणि स्वेटर घालून गेलो आणि वीस मिनिटांत उलटलो. भीती वाटण्याआधीच श्वास आपोआप आत ओढला गेला, मग धाप आवरेना, आणि होडी सरळ होईपर्यंत बोटांत दोर धरण्याइतकी ताकद उरली नव्हती. कॅनडातील संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त हा क्रम ‘एक-दहा-एक’ असा सांगतात: श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे दहा मिनिटे, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. त्यामुळे एप्रिलमध्ये होडीचा वेग दुय्यम ठरतो. उलटल्यावर त्या दहा मिनिटांत आपण पुन्हा होडीत असू का, हे आधी पाहावे लागते.

या कसोटीवर लेझर वाटते तितकी वाईट नाही. ती ४.२३ मीटर लांब असून डोलकाठी-शीड सोडून तिचा सांगाडा ५९ किलोंचा आहे; ती उलटली तरी तिच्यात पाणी साठून राहत नाही, आणि डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली घातलेल्या फळीवर, भार दिला की उठते. अडचण अशी की तिच्यात बसणे म्हणजे जवळजवळ पाण्यावरच बसणे, त्यामुळे न उलटताही माणूस भिजतो. शिवाय वारा वाढल्यावर ७.०६ चौरस मीटरचे शीड पाण्यावर लहान करणे सोपे नसते; रेडियल या लेझरच्याच प्रकाराचे ५.७६ चौरस मीटरचे लहान शीड लावायचे, तर ते किनाऱ्यावरच ठरवावे लागते.

वेफेअरर ४.८२ मीटरची आहे. माणूस तिच्यात आत, बराच कोरडा बसतो आणि शीड पाण्यावरही आखूड करता येते. इंग्लिश दर्यावर्दी फ्रँक डाय १९६३ मध्ये एका सोबत्यासह हिच्यातूनच स्कॉटलंडहून आइसलंडला गेले होते, अर्थात ते अनुकरणासाठी सांगत नाही. मात्र नुसता सांगाडाच सुमारे १६८ किलोंचा असल्याने ती पूर्ण पालथी झाली तर दोन गारठलेल्या माणसांचा कस लागतो. मिरर हलकी आणि गोड आहे, पण दोन प्रौढांना अडचणीची. जुनी मिरर सरळ झाल्यावर पाण्याने भरलेली असते आणि बादलीने उपसत बसावे लागते.

माझे मत स्पष्ट आहे: एप्रिल-मेमध्ये वेफेअरर, तीही क्लबची, जाणत्या सोबत्याबरोबर, सुरुवातीपासून शीड आखूड करून, आणि क्लबची सुरक्षा-बोट पाण्यात असेल तेव्हाच. आपल्या एंटरप्राइजप्रमाणेच तिलाही मोठे शीड आणि जिब, म्हणजे पुढचे लहान शीड, असल्याने हात लवकर बसेल. लेझर जूननंतर खुशाल विकत घ्या.

खर्च आधी ड्रायसूटवर, म्हणजे अंगभर घालायच्या जलरोधक पोशाखावर, करा. तो पाणी बाहेर ठेवतो, पण स्वतः ऊब देत नाही, म्हणून आत फ्लीसचे कपडे हवेत, सुती अजिबात नकोत. चेन लावल्यावर उकिडवे बसून गळ्याची पट्टी किंचित सैल करून आतली हवा काढावी. पहिल्या दिवशी सोबत्याला काठावर उभे करून कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम बुडी मारून पाहा; मनगटाजवळून पाणी शिरत असेल तर ते तिथेच कळेल.