आईची केमो चालू आहे, ती पुढचं काही बोलतच नाही. हे डिप्रेशन आहे का? तिला कसं समजावू?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीचं विचारलं तरी आई "बघू" म्हणते आणि तुम्ही तिला रोज पॉझिटिव्ह राहायला सांगता. ते सांगणं आधी बंद करा.

मन खंबीर ठेवलं की माणूस जास्त जगतो, हे लोक ठोकून देतात. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या जेम्स कॉयन यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १०९३ पेशंटांची माहिती तपासून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. मनाने चांगले असलेले जास्त जगले, असं काही निघालं नाही. हे वाचून मला हायसं वाटलं होतं. तोवर मी रडले की घरातलं कोणीतरी म्हणायचं, असं करशील तर औषध लागू पडणार नाही. म्हणजे आजार माझा आणि तो बरा झाला नाही तर दोषही माझाच.

आम्ही दिंडोरी तालुक्यातले, द्राक्षवाले. मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा थॉमसनची जुनी बाग नुकतीच काढली होती आणि डॉगरीजची, म्हणजे ज्यावर कलम करतात त्या खुंटाची, रोपं नर्सरीत बुक होती, ॲडव्हान्स देऊन. खुंट लावायचा, पावसाळा सरता सरता कलम भरायचं, मग ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, तयार करायचे. पहिला माल हातात यायला दोन वर्षं. माझी दुसरी केमो झाली त्याच आठवड्यात थोरल्या दिरांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, नर्सरीत परस्पर फोन करून बुकिंग रद्द केलं. मला कळलं ते जावेकडून, भाकरी वाढताना. विचारलं तर म्हणाले, "अगं, दोन वर्षांचं काम आहे, आता कशाला गुंतता? प्लॉट मी वाट्याने करतो. तू आराम कर, मी बघतो." 'दोन वर्षं' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, यांच्याकडे बघत होते.

मी काही शूरबीर नव्हते. पुढच्या रिपोर्टच्या पलीकडचं मलाही सुचत नव्हतं. ब्लाउज शिवायला टाकायचा होता, टाकला नाही. मुलीच्या बारावीनंतरचं बोलणं निघालं की मी उठून आत जायचे. नणंद सप्तशृंगीच्या गडावर माझ्यासाठी नवस बोलून आली, तर तिला म्हटलं, फेडायला मी असेन का बघ आधी. तरी ते माझं मी बोलत होते. दादांनी मला न विचारता माझी दोन वर्षं खोडून टाकली होती. दुसऱ्या दिवशी मी नर्सरीवाल्याला फोन लावला आणि रोपं परत बुक केली. आशा वगैरे काही नव्हती. राग आला होता.

आणि खरी खचले ती उपचार संपल्यावर. केमो, ऑपरेशन, लाईट (रेडिएशन), सगळं पार पडलं, डॉक्टर म्हणाले आता तीन महिन्यांनी या. घरचे म्हणाले, सुटलीस! केमोच्या वेळी दर तीन आठवड्यांनी कोणीतरी रक्त तपासत होतं, आता कोणीच नाही. पाठ दुखली की वाटायचं, हाडात उतरला. एप्रिल छाटणीची माणसं बांधावर येऊन उभी आणि मी पलंग सोडत नव्हते. दवाखान्यात तोवर मनाचं कोणी विचारलं नव्हतं. मीच विषय काढला, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. दादा त्यावरही बोललेच, "आता वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" गोळ्यांनी आधी झोप आली, मग भूक, मग मजुरांवर ओरडायचा आवाज.

तुमचा प्रश्न राहिलाच. नुसतं "बघू" म्हणजे डिप्रेशन नाही. केमोबरोबर बऱ्याचदा स्टेरॉईड देतात, त्याने झोप उडते आणि ते उतरलं की माणूस गळून जातो. ते दिवस सोडून बघा. दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज उदास, टीव्ही नको, नातवंडं नकोत, "मी तुम्हाला ओझं झाले", "मेलेलं बरं" असं बोलत असेल तर थांबू नका. तिच्या डॉक्टरांना सांगा, नाहीतर १४४१६ लावा. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि ब्रेस्टचा असून पुढे टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी) द्यायचं असेल तर मानसोपचारवाल्यांना ते आधी सांगा. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनवरच्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो. त्याऐवजी दुसऱ्या गोळ्या असतात. चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका.

मी डॉक्टर नाही. माझा लवकर सापडला होता; ज्यांचा पसरलाय त्यांना माझा हा तोरा खटकेल, आणि त्यांचं चूक नाही.

दिवाळीचं विचारण्यापेक्षा घरातला एखादा खरा निर्णय आईपुढे ठेवा, आणि ती "नको" म्हणाली तर नको. जमिनीचं, दागिन्यांचं तिच्या माघारी कोणी बोलत असेल तर त्याला तिच्यासमोर बसवा. असा माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्या नव्या प्लॉटचा पहिला माल निघाला तेव्हा व्यापाऱ्याशी भाव करायला दादाच पुढे आले होते. मी म्हटलं, "दादा, तुम्ही आराम करा, मी बघते."