शेडमध्ये सापडलेला जुना ट्रॅक्टर : भंगारात देण्याआधी ओळख पटवा

प्रश्न : आजोबांच्या काळातली शेड पाडताना कडब्याच्या ढिगाआड एक बुटका ट्रॅक्टर निघाला. वरून लाल आहे, पण रंगाचे पोपडे गेलेत तिथे आतून राखाडी दिसतो. बॉनेटवर नाव नाही. मेकॅनिक मॅसी म्हणतोय. गिअरचा दांडा एकच आहे, त्याच्याजवळ ‘एस’ अक्षर आहे. भंगारवाला वजनावर मागतोय. हा कोणता ट्रॅक्टर आणि चालू होईल का? (कराड तालुक्यातील शेतकरी)

उत्तर : भंगारवाल्याला सध्या नाही सांगा. तुमच्या वर्णनावरून हा बहुधा इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला बनलेला फर्ग्युसन टीई-20 असावा. त्याचं उत्पादन 1946 ते 1956 या काळात झालं.

मेकॅनिकचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. 1953 मध्ये फर्ग्युसन आणि मॅसी-हॅरिस या कंपन्या एकत्र आल्या आणि 1957 च्या अखेरीस लाल-करडा मॅसी फर्ग्युसन 35 निघाला. पुढे अनेकांनी आपले राखाडी ट्रॅक्टरही लाल रंगवले. म्हणून रंगावर जाऊ नका, गिअर पाहा. मॅसी 35 ला सहा पुढचे गिअर असतात आणि हाय-लोसाठी (जलद किंवा संथ गती निवडायला) वेगळा दांडा असतो. टीई-20 ला चार पुढचे, एक रिव्हर्स आणि एकच दांडा. तो दांडा ‘एस’वर नेला की स्टार्टर फिरतो, त्यामुळे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकूनही सुरू होत नाही. त्या काळात इतका विचार केलेला पाहून मला आजही कौतुक वाटतं.

आता डॅशबोर्डवरची पत्र्याची प्लेट शोधा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका, अक्षरं पुसली जातील. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने हलकेच पुसा. नुसतं ‘टीई’ असेल तर इंजिन अमेरिकन कॉन्टिनेन्टल, ‘टीईए’ म्हणजे स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन, ‘टीईडी’ म्हणजे रॉकेलसारख्या इंधनावर चालणारं, ‘टीईएफ’ म्हणजे 1951 पासून आलेलं डिझेल. ‘टीओ’ असेल तर तो इंग्लंडचा नाही, अमेरिकेत डेट्रॉइटला बनलेला आहे. पुढचा क्रमांक जितका लहान तितका ट्रॅक्टर जुना. शेवटचे क्रमांक 5,17,000 च्या पुढे गेले होते. इंजिनच्या ब्लॉकवर ओतीव उठलेले आकडे सुट्या भागाचे असतात, ते ट्रॅक्टरचा नंबर समजू नका.

प्लेट गेली असेल तर इंजिनच सांगेल. चार स्पार्क प्लग दिसले तर पेट्रोल किंवा रॉकेल; नोझल आणि डिझेल पंप दिसला तर टीईएफ. टाकीला दोन झाकणं असतील तर तो रॉकेलचा: छोट्या कप्प्यातल्या पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन तापलं की रॉकेलवर घ्यायचा.

जगाच्या हिशोबात हे मॉडेल दुर्मीळ नाही, पाच लाखांवर बनलेत. पण आपल्याकडे सगळे भाग मूळचे राहिलेला ट्रॅक्टर माझ्या पाहण्यात क्वचितच येतो. शिवाय याचं मोल निराळं आहे. मागची तीन-पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन जागी जोडायची जोडणी, पाहा. त्याआधी बहुतेक ठिकाणी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. हॅरी फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरला जोडला आणि ओढीचा जोर वाढला की हायड्रोलिक आपोआप नांगर उचलेल अशी सोय केली. आज तुमच्या घरचा नवा ट्रॅक्टर हेच करतो. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी 1958 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरवर, फक्त चाकांवर पट्टे चढवून.

शेडमध्ये जुना नांगर किंवा कुळव पडला असेल तर तोही जपा. फर्ग्युसनने ट्रॅक्टरसोबत स्वतःची अवजारंही विकली.

चालू होईल का? शक्यता चांगली आहे, पण दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकू नका. इंजिन जाम असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. आधी काठीने सापकिरडू पाहून घ्या. मग प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि पुढच्या हँडलने हळूच फिरवून पाहा. मोकळं झालं की इंजिन ऑइल बदला. गिअर आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच असतं. ते काढून पाणी आहे का तपासा. ब्रेकची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.

रोटाव्हेटर जोडायचा विचार सोडा. ताकद साधारण 24 ते 28 एचपी, आणि पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा, शाफ्ट सव्वा इंचाहूनही बारीक, आजच्या अवजारांना बसत नाही. चालवताना एक ध्यानात ठेवा: डावा ब्रेक क्लचच्याच बाजूला आहे, सवय नसेल तर पाय चुकतो.

उपप्रश्न : व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळेल का?

2021 चे व्हिंटेज वाहनांचे नियम दुचाकी आणि खासगी चारचाकींपुरते आहेत. शेतीचा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. रस्त्यावर आणायचा तर आरटीओकडे नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. त्यासाठी घरातल्या जुन्या ट्रंकेत आरसी बुक, खरेदीची पावती किंवा विम्याचा कागद शोधा. नंबर ‘एमएच’ने सुरू होत नसेल तर घाबरू नका, ती पद्धत 1989 नंतरची आहे. कागद सापडले की त्यांची झेरॉक्स आणि प्लेटचा फोटो घेऊन आरटीओत जा, आणि तोवर ट्रॅक्टर विटांवर चढवून कोरड्या जागी ठेवा.